गॅसच्या आधी दिलेलं आवतण

…तर मनुबाईनं तोंडावरच्या मास्कमध्ये श्वास कोंडून धरला, इथवर आपण काल आलो होतो. डॉक्टर सांगतायत, "आजी, श्वास घ्या, मोठा श्वास," आणि मनुबाई खाडीत बुडी मारल्यासारखी गाल फुगवून, डोळे गच्च मिटून टेबलावर आडवी. डोक्याशी ठेवलेलं यंत्र टुकटुक करतंय, नर्स एकदा यंत्राकडे बघते, एकदा डॉक्टरांकडे. पण काल निम्मे लोक जेवायला उठून गेले होते, आणि मनुबाई कोण हेच ज्यांना ठाऊक नाही त्यांना तिनं श्वास का धरला ते कसं कळणार? तेव्हा थोडं मागून येऊ. तोवर ती धरून राहील. दमाची बाई आहे.

मनुबाई खारेपाटातली, पोयनाडच्या अलीकडच्या गावची. वय सदुसष्ट. माहेर मिठागराचं, सासर शेतीचं. शाळेची पायरी चढली नाही, पण पन्नास कोसांत तिच्या नावाचा दबदबा, कारण ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून, आधी मांडवात धवलारीण बसते. तेल चढवायचं, हळद लावायची, उंबराची फांदी आणायची, ते सगळं तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत पुढं न्यायचं. ती एक ओळ म्हणणार आणि शेजारी बसलेली बाई झील धरणार, म्हणजे तीच ओळ मागून उचलणार. मनुबाईची झील पस्तीस वर्षं ठमीनं धरली. ठमी नात्यानं तिची धाकटी चुलतजाऊ, आणि तोंडानं तिची थोरली.

सगळ्यात आधी म्हणायचं ते आवतण. देवांना लग्नाला बोलवायचं. खाडीच्या तोंडच्या जरीमरीपासून निघायचं, बांधाबांधानं गावात यायचं, मग पालीचा बल्लाळ, कनकेश्वर, कार्ल्याची आई एकवीरा, चंद्र, सूर्य, दर्या, आणि घरचे गेलेले वाडवडील. दीडशेच्या वर नावं. एकही चुकायचं नाही. चुकलेला देव रुसतो, आणि तो रुसवा धवलारणीवर निघत नाही, नवरानवरीवर निघतो. एका गावात म्हसोबाचं नाव राहिलं. वरातीचा टेम्पो बांधावरच्या चिखलात रुतला तो दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला. सगळा गाव धवलारणीकडे बघत होता. टेम्पोवाल्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं मनुबाईला शिकवलं तिच्या सासूनं, बायजानं. चार हिवाळे, वालाच्या शेंगा तोडता तोडता. बायजाचे कायदे तीन. आवतण सुरू केलं की मध्ये तोडायचं नाही, घराला आग लागली तरी. ज्या तोंडानं आवतण दिलं त्याच तोंडानं देवांची बोळवण करायची, एकेकाचं नाव घेऊन परत पाठवायचं. आणि झील धरणारीनं ओळ ठाऊक असली तरी पुढं जायचं नाही. कागदावर काही नाही. सगळा संसार मनुबाईच्या डोक्यात.

आणि त्याच डोक्यात गॅस जाणार होता.

झालं असं, की माघापासून तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. आधी ओवा झाला, मग लिंबू झालं, मग एका जेवणानंतर ती अंगणात अशी वाकली की रतननं, तिच्या मुलानं, डंपर तसाच चालू ठेवून तिला रिक्षात घातलं. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. "दुर्बिणीनं काढू, तीन भोकं, दोन दिवसांत घरी," पनवेलचे सर्जन म्हणाले. "पण पूर्ण भूल द्यावी लागेल."

पूर्ण भूल म्हणताच मनुबाईला आठवली गोदूबाई. गोदूबाई पलीकडच्या गावची धवलारीण. मांडीचं हाड मोडलं, मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि शुद्धीवर आल्यावर सहा दिवस ती स्वतःच्या मुलीला "तू कोनाची गो?" विचारत होती. सातव्या दिवशी माणसं ओळखू आली. धवले मात्र निम्मे आले, निम्मे नाहीत. परवाच्या एका हळदीत ती आवतणाच्या मध्यावर थांबली आणि सगळ्या मांडवादेखत रडली.

नातू निकेतचं लग्न वैशाखात ठरलेलं. आवतण मनुबाईच देणार. दुसरं कोण देणार?

"मना मरनाचा भ्या न्हाय रं," ती रतनला म्हणाली. "मेले तर धवला माज्यासंगं जाईल. पन मी रायले नि धवला गेला तर?"

रतन आईला धीर द्यायला बसला. दोन डंपरांचा मालक, बॅटऱ्या स्वतः बदलणारा माणूस. म्हणाला, "आये, काय न्हाय. डोक्यात करंट असतंय. गॅस म्हंजे मेन स्विच. बंद करायचा, काम झाला की चालू करायचा."

मनुबाई मग हळूच म्हणाली, "परवा लाइट गेली नि आली, तवा तुज्या टीवीतली समदी चॅनला उडाली व्हती."

रतननं डंपरची किल्ली उचलली.

तीन दिवस ती जेवली नाही नीट. भाकरी थापताना थांबायची, ओठ हलायचे, नावं मोजून व्हायची, तोवर भाकरी करपायची. ठमी म्हणाली, "जाऊबाय, खडं पोटात हायत काय डोक्यात?" मनुबाई हसली नाही, तेव्हा ठमीसुद्धा घाबरली.

शेवटी तशीच मोठी कळ पुन्हा आली, डोळे पिवळे दिसायला लागले, आणि सर्जननी सांगितलं की आता थांबण्यात धोका आहे. सोमवारी भरती केलं. दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर खाटेपाशी आल्या. नाव सुचिता, मूळच्या किहीमच्या, वयानं रतनहून लहान. शिरा तपासल्या आणि तोंड वाकडं केलं. शिरा बारीक, हाताला लागेनात. म्हणाल्या, "उद्या छोटी सुई लावू, पण झोप मास्कमधून गॅसनं आणू. वास थोडा गोडसर असतो. घाबरू नका."

"बाय," मनुबाई म्हणाली, "तो स्विच बंद केल्यावर आतला उडतंय काय?"

कुठला स्विच, हे रतननं मान खाली घालून सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. खाटेवर टेकल्या.

"आजी, मेंदूत वीज असते हे खरं. पण गॅसनं ती बंद होत नाही. मी उद्या तुमच्या कपाळाला एक पट्टी चिकटवणार. त्या पट्टीतून तुमच्या मेंदूची रेघ पडद्यावर दिसते. आत्ता तुम्ही जाग्या आहात, आत्ताची रेघ कशी असेल? बारीक, घाईची, दाटीवाटीची. कारण आत लाखो पेशी आपापलं वेगवेगळं बोलतायत. गॅस गेला की रेघ सपाट होत नाही. उलट लाटा मोठ्या होतात. मोठ्या आणि संथ."

"मोठ्या?"

"हो. कारण पेशी आपापलं बोलायचं सोडून झुंडीनं एका तालात चढतात, एका तालात उतरतात. तालाचा आवाज मोठा, पण त्यात निरोप नसतो. इकडचं तिकडं पोचत नाही. म्हणून तुम्हाला कळत नाही. नेमकं कसं होतं हे सगळं, ते अजून मोठमोठ्या लोकांनाही पुरतं उलगडलेलं नाही."

मनुबाईनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. कारण तिला ते कळलं होतं, आणि तिच्या पद्धतीनं कळलं होतं.

"म्हंजे आत समद्याच झील धरनार," ती म्हणाली. "मग धवला कोन सांगनार?"

डॉक्टर म्हणाल्या, "तेवढा वेळ कोणी नाही सांगणार, आजी. गॅस उतरला की सांगणारी पुन्हा बोलायला लागते."

"गोदूची न्हाय लागली."

"काही वयस्कर माणसांना नंतर गोंधळ होतो, खरं आहे. कधी दोन दिवस, कधी जास्त. मी शपथ घेऊन सांगणार नाही की तुम्हाला होणारच नाही. पण म्हाताऱ्या मेंदूला गॅस कमी पुरतो. जास्त झाला तर रेघ मध्येच आडवी पडते, मग एक उसळी, पुन्हा आडवी. तसं दिसायला लागलं की मी गॅस कमी करते. त्यासाठीच ती पट्टी. माझी नजर हलणार नाही तिथून."

खोटं न बोलणारी डॉक्टर भेटली की माणूस निम्मा बरा होतो म्हणतात. मनुबाईची भीती निम्मीच राहिली. तिनं संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

डॉक्टर गेल्यावर ठमी कानाशी लागली. "जाऊबाय, गल्लीतला गटार खनायचा तरी नारल फोडतांव आपन. तू आवतान दिल्याबिगार पोट फाडून घेतेस? बोलव त्यांना. उबं रहातील टेबलापाशी."

मनुबाईला ते पटलं. हिशेब सोपा होता. शस्त्रक्रिया दुपारी बाराची. सकाळी दहाला आवतण मनात सुरू करायचं, अकराला संपेल. देवांनी तिला बघावं, तिनं त्यांना हात जोडावे, आणि बाराच्या आधी बोळवण करून मोकळं व्हायचं.

मंगळवारी दहाला ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि जरीमरीपासून निघाली. तिसाव्या नावाला असेल नसेल, तोच वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन हजर. आधीच्या माणसाला ताप भरला, त्याचं रद्द झालं, आता आजींचा नंबर.

"अजून येल हाय!" ठमी ओरडली.

"मावशी, आतून फोन आलाय. चला."

तोडायचं नाही. मनुबाई खुर्चीत बसली, ओठ हलत राहिले. लिफ्टमध्ये गावदेवी झाली. दारापाशी रतननं पायाला हात लावला, तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा ती कनकेश्वराच्या पायऱ्या चढत होती. आत थंडी एवढी की दात वाजायला लागले. डोक्यावर हिरवी टोपी, हातात सुई, कपाळावर चिकट पट्टी. डॉक्टर सुचिता म्हणाल्या, "आजी, ही बघा तुमची रेघ," आणि पडदा तिच्याकडे वळवला. मुंग्यांची रांग चवताळावी तशी रेघ धावत होती. मनुबाईनं डोळे मिटले. अजून पूर्वज राहिले होते. आणि तेवढ्यात मास्क आला.

आता कळलं ना तिनं श्वास का धरला ते?

"आजी, श्वास घ्या."

नाही.

"आजी, दुखणार नाही काही. श्वास घ्या."

छातीत ठोके पडत होते ते तिला कानात ऐकू येत होते. आजेसासरा. त्याचा भाऊ. भावाची पहिली बायको. मास्कच्या आत अंधार नव्हता तरी तिला अंधार दिसायला लागला. डॉक्टरांनी मास्क बोटभर उचलला आणि वाकून विचारलं, "काय राहिलंय का आजी?"

"सात," मनुबाई उरलेल्या हवेत म्हणाली.

कोण सात, कसले सात, डॉक्टरांना काय माहीत? पण त्या थांबल्या. नर्सला हातानंच गप्प केलं. सात नावं झाली. शेवटचं बायजाचं. मनुबाईनं हात जोडले, मास्क पुन्हा बसला, आणि तिनं छाती भरून श्वास ओढला. गोडसर, रंगाच्या डब्याच्या झाकणासारखा वास. दुसरा श्वास. आणि तिसऱ्या श्वासाला तिला आठवलं.

बोळवण राहिली.

सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. खाडीपासून कार्ल्यापर्यंतचे सगळे देव, गेलेली सगळी माणसं, त्या थंड खोलीत टेबलाभोवती येऊन उभी होती, आणि पाठवणारं तोंड आता झोपणार होतं. ते तोंड परत आलंच नाही, किंवा गोदूसारखं निम्मं आलं, तर ही सगळी इथंच. तिला उठायचं होतं. मास्क ओढायला हात उचलला असं तिला वाटलं. हात उचललाच गेला नव्हता.

पुढचा दीड तास मनुबाईला नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं, की मुंग्यांची रेघ पाहता पाहता पसरली, मोठ्या संथ लाटा आल्या, आणि मध्यावर एकदा रेघ आडवी पडली. एक उसळी, पुन्हा आडवी. सर्जनचे हात आत कामात. डॉक्टर सुचितांनी गॅस कमी केला आणि पडद्यावरून नजर काढली नाही. लाटा परत आल्या तेव्हा त्यांनी बांगड्या नसलेल्या हातानं कपाळाचा घाम पुसला. त्या थंडीत.

बाहेर बाकावर रतन आणि ठमी. ठमीची बडबड बंद होती. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मनुबाईला आधी घसा कळला. आत कोणी काथ्यानं घासल्यासारखा. मग उजेड. मग कोणीतरी हाका मारतंय, "आजी, डोळे उघडा. झालं सगळं." आणि त्या हाकेच्या मागून ती भीती आली, जिथं सोडली होती तिथूनच. ते उभे आहेत. अजून उभे आहेत.

तिनं देवांना पाठवायला सुरुवात केली. उलट्या वाटेनं पाठवायचं नसतं. जसे बोलावले तसेच, पहिल्यापासून. आवाज फुटेना, नुसती घरघर. जरीमरी, तू आपल्या ठायी जा. पहिलं नाव आलं. दुसरं आलं. प्रत्येक नाव काळोख्या पाण्यात पाय टाकून बघावं तसं. लागेल का तळ? लागला. पुढं?

"आजी, तुमचं नाव काय?"

तोडायचं नाही.

"आजी, आज वार कोणता? मला ओळखलंत?"

मनुबाईला सगळं ऐकू येत होतं. उत्तर द्यावंसं वाटत होतं. पण मध्ये थांबली तर मागं राहिलेल्या देवांच्या तोंडावर दार लागणार. ती पुटपुटत राहिली. डॉक्टर सुचितांचा चेहरा उतरला. गॅस उतरून पाऊण तास झाला होता, श्वास चांगला, नाडी चांगली, आणि बाई छताकडे बघत काहीबाही बरळतेय. त्यांनी रतनला आत बोलावलं.

"आये! आये, मी रतन. वलखला का मना?"

तिची नजर त्याच्यावरून गेली आणि छतावर परत गेली. एवढा मोठा माणूस, खाटेचा गज धरून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "गेली," म्हणाला. "गोदूबायसारखीच गेली."

तेव्हा ठमी दाराशी उभ्या नर्सला कोपरानं बाजूला करून आत आली. वाकली. कान मनुबाईच्या तोंडाशी नेला. दोन नावं ऐकली, तिसरं ऐकलं, आणि तिनं ओळखलं.

"रडू नको, मेल्या," ती रतनला म्हणाली. "डाक्तरीनबाय, ही बडबड न्हाय. देवांना परत धाडते हाय, बोलवन चाल्ली हाय. तुमी समदे गप रावा."

आणि खाटेच्या कडेला बसून तिनं हलक्या आवाजात झील धरली.

दोघींचं चालू झालं. घोगरं एक, बारीक एक. पलीकडच्या खाटेवरची बाई मान वळवून बघत होती. वीसेक नावं झाली आणि मनुबाई थांबली.

ओठ उघडे, आवाज नाही. ठमीला नाव ठाऊक होतं. जिभेवर होतं. पण पुढं जायचं नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. मनुबाई तीन नावं मागं गेली, परत आली, आणि त्याच जागी परत थांबली. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. तिला वाटलं, हेच ते. इथंच ती रेघ आडवी पडली असणार. इथून पुढं काही नाही.

मग तिनं नावं सोडली आणि वाट धरली. मनातल्या मनात ती बांधावर उतरली. डाव्या हाताला खाडी, उजवीकडे भात कापलेली खारी शेतं. पायाखाली ढेकळं. पुढं उघाडी, म्हणजे खारं पाणी अडवायचं ते लाकडी दार. तिथं पाय घसरतो, तिथं खाली बघावंच लागतं. तिनं खाली बघितलं. शेवाळलेला दगड, त्यावर शेंदूर. बांधाचा राखणदार.

"उघाडीवरला चेडा," ती म्हणाली, आता स्पष्ट, "तू तुज्या ठायी जा."

ठमीनं पदर काढला आणि झील अशी धरली, की नर्सनं "शूऽऽ" केलं.

तिथून पुढं अडलं नाही. गावदेवी गेली, बल्लाळ गेला, कनकेश्वर गेला, एकवीरा गेली. शेवटी बायजा गेली. मनुबाईनं सुई लावलेला हात दुसऱ्या हाताला कसाबसा जोडला आणि श्वास सोडला. डॉक्टर सुचिता पायथ्याशी उभ्या होत्या. घाबरत घाबरत, पुन्हा उत्तर आलं नाही तर या भीतीनं, त्यांनी वाकून विचारलं, "आजी, आता सांगाल? आज वार कोणता, आणि मी कोण?"

"वार मंगलवार. तू गॅसवाली सुचिता, किहीमची. ह्यो रडतंय त्यो माजा रतन, नि ही ठमी, हिला गप बशीव. नि येक सांगू काय बाय, मगाशी मी आडले ना, त्याचा दोस तुज्या गॅसला देऊ नको. त्या उघाडीवर माजा पाय चालीस वर्सं घसरतंय."